शब्दकोडं कसं पाठवायचं, तेवढं एकदा छापा

मराठी दैनिकांच्या पुरवण्यांचे आणि दिवाळी अंकांचे संपादक यांना,



आषाढ लागला की दिवाळी अंकांची आवाहनं येऊ लागतात. कथा इतक्या शब्दांपर्यंत, कविता दोनच, मजकूर युनिकोडमध्ये, हस्तलिखिताची प्रत स्वतःजवळ ठेवावी, अमुक तारखेनंतर आलेल्या साहित्याचा विचार होणार नाही. व्यंगचित्र किती डीपीआयचं हवं तेही लिहिलेलं असतं. शब्दकोडं कसं पाठवायचं याबद्दल मात्र अवाक्षर नसतं. तरी अंकाच्या मागच्या पानांत कोडं असतंच. दैनिकात एखाद्या दिवशी ते गाळलं तर अग्रलेख गाळल्यापेक्षा जास्त फोन येतात, असं तुमच्याच कचेरीतली माणसं सांगतात.

मी शब्दकोडी रचते आणि बऱ्याच ठिकाणी पाठवते. कुणाला चौकटीच्या वहीतल्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो चालतो, कुणाला वर्डची फाइल हवी असते, कुणी ‘तुम्हीच पानात बसवून द्या ना’ म्हणतं. एका ठिकाणी उत्तरं आधीच मागतात, दुसरीकडे उत्तरांशिवाय कोडं घेऊन ठेवतात आणि पान लागायच्या रात्री उत्तरं विचारायला फोन करतात. माझं मागणं एवढंच आहे की तुम्हाला कोडं कोणत्या रूपात हवं ते एका पानावर लिहा आणि जाहीर करा. त्या पानावर काय असावं याबद्दल माझी मतं ठाम आहेत. ती पटली नाहीत तर तुमची लिहा, पण लिहा.

कोडं हा मजकूर इतर मजकुरासारखा नाही. लेखात एक वेलांटी चुकली तर वाचक मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. कोड्यात तीच वेलांटी एक आडवा आणि एक उभा असे दोन शब्द घेऊन बुडते. काळ्या घराचं तर विचारूच नका. आकडे कसे पडतात ते आठवा: वरच्या डाव्या कोपऱ्यातून ओळीओळीनं खाली यायचं आणि ज्या घरातून आडवा किंवा उभा शब्द सुरू होतो त्याला पुढचा आकडा द्यायचा. एक काळं घर पांढरं झालं की कुठला तरी शब्द सुरूच होत नाही किंवा भलतीकडे सुरू होतो, आणि तिथून पुढचे सगळे आकडे सरकतात. सूचना मात्र जुन्याच आकड्यांच्या राहतात. माझ्या एका कोड्याचं असं झालं होतं. वाचकांची पत्रं आली, दुसऱ्या दिवशी दिलगिरी छापून आली, ती कोड्याहून मोठी होती. चित्र फोटोवरून पुन्हा काढणाऱ्या डीटीपी ऑपरेटरचा त्यात दोष नव्हता. अंधाऱ्या फोटोत पेन्सिलीनं रंगवलेलं घर कुणालाही पांढरंच दिसलं असतं.

मुद्दा तिथेच आहे. कोडं रचणाऱ्याच्या हातून निघाल्यावर ते उपसंपादकाकडे जातं, तिथून ऑपरेटरकडे, मग मुद्रितशोधकाकडे. मुद्रितशोधक सूचना वाचतो, शुद्धलेखन पाहतो. चौकटीतलं घर मोजत नाही, कारण ते त्याचं काम आहे असं त्याला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून कोड्याचा साचा संपादकाच्या सोयीचा नको, ऑपरेटरच्या सोयीचा हवा. त्याला एकही घर पुन्हा काढावं लागू नये आणि एकही अक्षर पुन्हा टाइप करावं लागू नये.

अमेरिकेत हे ओळखायला त्यांनाही वेळ लागला. आर्थर विन यांचं पहिलं कोडं न्यूयॉर्क वर्ल्डच्या रविवार पुरवणीत २१ डिसेंबर १९१३ रोजी आलं, शंकरपाळ्याच्या आकाराचं. त्याचं नाव ‘वर्ड-क्रॉस’ होतं. काही आठवड्यांत कंपोझिटरच्या हातून शब्दांची अदलाबदल झाली आणि ‘क्रॉस-वर्ड’ झालं ते कायमचं. पुढे मार्गारेट फरार यांनी शिस्त लावली. न्यूयॉर्क टाइम्सनं १९४२ मध्ये कोडं सुरू केलं तेव्हा पहिल्या कोडे-संपादक त्याच होत्या. तिथले नियम आज कुणालाही वाचायला मिळतात. रोजची चौकट १५ × १५, रविवारची २१ × २१. चौकट उलटी धरली तरी काळी घरं जिथल्या तिथे दिसली पाहिजेत. दोन अक्षरी शब्द नाही. प्रत्येक अक्षर आडव्यातही हवं आणि उभ्यातही. विषयसूत्र असलेल्या रोजच्या कोड्यात ७८ पेक्षा जास्त शब्द नकोत, रविवारी १४०. कागदावर कोडी पाठवायच्या दिवसांत कशी पाठवायची तेही ठरलेलं होतं: सूचना दुहेरी अंतरानं टाइप केलेल्या, प्रत्येकीचं उत्तर त्याच ओळीत उजव्या टोकाला, भरलेली चौकट वेगळ्या पानावर, प्रत्येक पानावर नाव-पत्ता, सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं तिकीट लावलेलं पाकीट. आता हे सगळं ऑनलाइन झालं आहे, पण आधी सांगून ठेवण्याची सवय तीच आहे.

त्यांचे नियम उचलून आपल्याकडे आणा, असं मी म्हणत नाही. आणता येणारही नाहीत. त्यांच्या घरात सव्वीसांपैकी एक अक्षर बसतं. आपण चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली तरी चारशे आठ अक्षरं होतात, आणि जोडाक्षरं अजून मोजलेलीच नाहीत. प्रत्येक घर दोन्ही दिशांनी जुळवायचं म्हटलं तर मराठी कोडेकारानं दुसरा धंदा शोधलेला बरा. म्हणून आपल्या चौकटी सैल असतात, काळी घरं जास्त असतात, आणि बऱ्याच घरांवरून एकच शब्द जातो. याचा एक परिणाम फारसा कुणी लक्षात घेत नाही. एकाच शब्दाच्या घरात छापील चूक झाली तर वाचकाला दुसऱ्या बाजूनं उत्तर गाठायची वाटच उरत नाही. इंग्रजी कोडं एखादी बिघडलेली सूचना पोटात घालू शकतं, मराठी कोडं नाही. काटेकोर साच्याची गरज त्यांच्याहून आपल्याला जास्त आहे ती यासाठी.

तुमच्या पानाची पहिली ओळ असावी: एका घरात काय बसतं? सोपा वाटणारा हा प्रश्न प्रत्येक कोडेकार आपापल्या परीनं सोडवतो. माझ्या लेखी घर म्हणजे उच्चारातलं एक पूर्ण अक्षर, जोडाक्षर आणि मात्रेसकट. ‘सूर्य’ दोन घरं, ‘कर्तव्य’ तीन, ‘तऱ्हा’ दोन, ‘दुःख’ दोन. शेवटचा पाय मोडलेलं अक्षर नाहीच, कारण मराठीत ‘क्वचित’, ‘अर्थात’ हे शब्द पाय न मोडताच लिहितो. इथपर्यंत फारसे मतभेद नाहीत. भांडण पुढे आहे. आडव्या शब्दातलं ‘वि’ आणि उभ्या शब्दातलं ‘वी’ एका घरात चालतं का? ‘चिं’ आणि ‘चि’?

काही जण काणाडोळा करतात. वाचक हातानं भरतो, त्याला जी वेलांटी सुचेल ती तो काढतो, कुणाचं काही अडत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. मला तो पटत नाही, पण तो मूर्खपणाचा नाही, कारण आपले शुद्धलेखनाचे नियमच कोडेकाराचे हात बांधतात. शासनानं १९६२ मध्ये स्वीकारलेल्या आणि १९७२ मध्ये भर घातलेल्या नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटी येणारा इ-कार, उ-कार दीर्घ लिहायचा: कवी, गुरू. समासात तोच ऱ्हस्व होतो: कविवर्य, गुरुदक्षिणा. म्हणजे ‘गुरू’चं शेवटचं घर ‘अरुण’च्या मधल्या घरावर बसू शकत नाही. शब्दाच्या शेवटच्या घरात ऱ्हस्व वेलांटी हवी असेल तर ‘आणि’, ‘तथापि’ अशा मोजक्या अव्ययांच्या दारात उभं राहावं लागतं. उपान्त्य अक्षराचीही तीच गत. ‘गरीब’मधला री दीर्घ, ‘गरिबी’ घ्यावी तर तो ऱ्हस्व. म्हणूनच मराठी कोड्यांत ‘नगर’, ‘कमळ’, ‘सरळ’, ‘करवत’ ही मंडळी पुन्हा पुन्हा भेटतात. मात्रा नसलेल्या अक्षरावर दोन शब्द निर्धास्त एकमेकांना ओलांडतात. वाचक याला कोडेकाराचा आळस म्हणतात. म्हणू देत.

माझा आग्रह कडक जुळणीचा आहे: मात्रा, अनुस्वार, विसर्ग, सगळं दोन्ही बाजूंनी सारखं. तुम्हाला ढिलाई चालत असेल तर तसं नियमावलीत सांगा आणि कोड्याच्या डोक्यावरही एक ओळ छापा, ‘ऱ्हस्व-दीर्घ भेद धरलेला नाही’. वाचकाला खेळाचे नियम आधी कळायला हवेत, उत्तरं वाचताना नव्हे.

आता संगणक. ‘क्षत्रिय’ शब्द घ्या. कोडं सोडवणाऱ्याला तीन घरं दिसतात. संगणकाच्या पोटात युनिकोडच्या हिशेबानं ती आठ चिन्हं आहेत: क, हलन्त, ष, त, हलन्त, र, वेलांटी, य. मजकुराचे तुकडे पाडणाऱ्या जुन्या नियमांनी चालणारी साधनं त्याचे पाच तुकडे करतात, कारण हलन्तानंतर ती थांबतात. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं अखंड धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, २०२३ मध्ये आला. तोवर, आणि नवा नियम न पोचलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आजही, ‘शब्द आपोआप घरांत भरा’ म्हटलं की ‘क्ष’ दोन घरांत फुटतो. अमेरिकेत वर्षानुवर्षं चाललेली ‘पझ’ नावाची फाइल तर एका घराला एकच बाइट देते. त्यात ‘क्ष’ सोडाच, ‘क’सुद्धा मावत नाही. आयपझ नावाचं खुलं रूप आहे, त्यात एका घरात कितीही चिन्हं राहू शकतात. वेबसाइटवर खेळता येणारं कोडं ठेवायचं असेल तर तुमच्या तांत्रिक विभागाला तेवढं नाव सांगा.

छापील पानाचं दुखणं निराळं. अजून अनेक ठिकाणी पान जुन्या फॉण्टांत लागतं. या फॉण्टांत मराठी अक्षर हा निव्वळ मुखवटा असतो, आत रोमन कळा असतात आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते. कृतिदेवमध्ये ‘कि’ म्हणजे आधी वेलांटीची एफ, मग क-ची डी. युनिकोडमध्ये उलट: आधी क, मग वेलांटी. सलग मजकुराचं रूपांतर करताना कन्व्हर्टर हा क्रम सांभाळतो, पण प्रत्येक घर वेगळ्या चौकटीत असलं की कधी कधी वेलांटी शेजारच्या घरात उडी मारते. त्यात ‘ऱ्य’ दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप होतो आणि दिसतो सारखाच, ‘ॲ’चंही तसंच. पानावर फरक दिसत नाही, रूपांतर झाल्यावर एका ठिकाणी अक्षर येतं आणि दुसऱ्या ठिकाणी ठिपक्यांचं वर्तुळ. म्हणून तुमच्या पानावर स्पष्ट लिहा: आमचं पान अमुक सॉफ्टवेअरमध्ये, अमुक फॉण्टात लागतं. कोडेकाराला ते कळलं तर तो अडचणीची अक्षरं टाळून चौकट रचू शकतो. गुपित ठेवण्यासारखं त्यात काय आहे?

मग पाठवायचं काय? मी जे पाठवते ते सांगते. एका एक्सेल फाइलमध्ये चौकट, घरागणिक एक रकाना, काळ्या घराच्या जागी फुलीचं चिन्ह. रंग भरलेला रकाना नको, कारण कॉपी करताना रंग गळतो आणि चिन्ह टिकतं. त्याच फाइलच्या दुसऱ्या पानावर आकड्यांची कोरी चौकट. तिसऱ्यावर सूचना: आकडा, सूचना, कंसात घरांची संख्या आणि त्याच ओळीत शेवटी उत्तर. आडवे आणि उभे वेगळे. उत्तर सूचनेच्या शेजारी असलं की मुद्रितशोधकाला शब्दाचा अर्थ आणि घरांची संख्या एका नजरेत ताडता येते. चौथ्यावर सगळी उत्तरं अकारविल्हे, म्हणजे एखादा शब्द दोनदा आला असेल तर तिथेच उघडा पडतो. दुर्मीळ शब्दापुढे तो कोणत्या कोशात सापडला ते लिहिते. मोल्सवर्थ किंवा दाते-कर्वे यांचा शब्दकोश कचेरीत असेल तर उपसंपादकाचा फोन वाचतो. आणि या सगळ्याची एक पीडीएफ, केवळ डोळ्यांनी पडताळण्यासाठी. तिच्यावरून कुणी चौकट काढू नये, असं तिच्या माथ्यावरच लिहिलेलं असतं.

उत्तरांच्या चौकटीत आकडे छापू नका. इंग्रजीत घराच्या डाव्या कोपऱ्यातला आकडा कुणाच्या आड येत नाही. आपल्याकडे नेमकी तिथे वेलांटी येते, आणि रफार, अनुस्वार, मात्रा यांची गर्दीही वरच असते. ‘कीर्ती’ लहान घरात आकड्यासकट छापून पाहा, म्हणजे कळेल. कोऱ्या चौकटीतही आकडा जितका बारीक ठेवता येईल तितका ठेवा. घराची बाजू आठ मिलिमीटरांच्या खाली नेऊ नका. आजोबा-आजी पेनानं ‘स्त्री’ लिहिणार आहेत, त्यांचा विचार जाहिरातीच्या जागेआधी व्हावा.

सूचनांबद्दल एक गोष्ट बोलायची राहिली. मराठी कोड्यात सूचना म्हणजे बहुधा समानार्थी शब्द, आणि तो धोका आहे. ‘कमळ (३)’ एवढीच सूचना दिली तर पंकज, सरोज, नीरज, जलज, अंबुज, वारिज हे सगळे बसतात. सगळे तीन घरांचे आणि सगळ्यांचा शेवट ‘ज’. शेवटच्या घरावरून उभा शब्द जात असला तरी त्याचा काडीचा उपयोग नाही. अशी सूचना परत पाठवण्याचा अधिकार संपादकानं वापरला पाहिजे. एका सूचनेला दोन उत्तरं सारखीच बसणं हा आपल्याकडे कोर्टापर्यंत गेलेला विषय आहे. बक्षिसी कोड्यांच्या जमान्यात नेमक्या तशाच सूचना मुद्दाम रचल्या जात. वाचक फी भरून कूपन धाडत आणि दोन बरोबर शब्दांतून संयोजकाच्या मनातला एक ओळखत बसत. बंगलोरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाच्या अशा स्पर्धेवरून मुंबई राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. ९ एप्रिल १९५७ रोजी कोर्टानं तो जुगार ठरवला आणि जुगाराला व्यापाराच्या स्वातंत्र्याचं संरक्षण नाकारलं. त्याआधीच १९५५ च्या केंद्रीय कायद्यानं बक्षिसाला महिन्याला हजार रुपयांची मर्यादा घातली होती आणि प्रवेशिकांना दोन हजारांची. तेव्हा ती संदिग्धता धंद्यासाठी होती. आज ती आळसानं होते. मुद्रितशोधकाला उत्तर सूचनेच्या शेजारी दिसत असतं तर ‘इथे नीरजही चालेल की’ असं तोच म्हणाला असता.

नावाचं आणि मानधनाचं थोडक्यात. लंडनचा टाइम्स कोडेकाराचं नाव छापत नाही, गार्डियन टोपणनाव छापतो. दोन्ही चालेल, पण काय ते आधी सांगा. मानधन किती, कोडं पुन्हा पुस्तकात घेतलं तर काय, आणि ‘पसंत नाही’ हे कळवणार की नाही, हेही त्याच पानावर येऊ द्या. कवितेइतकी अनिश्चितता कोड्याला सोसत नाही; सणाचे शब्द भरलेलं दिवाळीचं कोडं मार्गशीर्षात दुसरीकडे पाठवता येत नाही.

शेवटची मागणी तुम्हाला जड जाईल, तरी लिहिते. पान लागल्यावर त्या पानाची पीडीएफ कोडेकाराला धाडा. छापायला सोडायच्या आधी, रात्री कितीही वाजता. लेखकाला प्रुफं दाखवायची पद्धत दैनिकांत नाही हे मला माहीत आहे, आणि लेखकांच्या बाबतीत ते शहाणपणाचंही आहे. ते परिच्छेद बदलायला लागतात. कोडेकार काही बदलत नाही. तो घरं मोजतो, आकडे पडताळतो, पंधरा मिनिटांत ‘ठीक’ असं कळवतो आणि झोपतो. उत्तर आलं नाही तर थांबू नका, पान सोडा.



आपली,
एक कोडेकार

ता. क. उत्तरांची चौकट दुसऱ्या दिवशीच्या किंवा पुढच्या अंकात छापता, तेव्हा ती नव्यानं तयार करू नका. कोरी चौकट ज्या फाइलमधून काढली तिच्यातूनच काढा आणि तिच्यावर कोड्याचा क्रमांक टाका. मंगळवारच्या कोड्याखाली शनिवारची उत्तरं आली की वाचक स्वतःलाच चुकीचा समजून सगळं खोडतो आणि मग आम्हाला फोन करतो.